नकाशा ध्रुवावरून पाहताना

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा तुम्ही अनेकदा पाहिला असेल. त्याच्या तळाशी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला एक पांढरा पट्टा असतो. तो पट्टा म्हणजे अंटार्क्टिका खंड होय. नकाशावर विसंबून कोणी असा समज करून घेईल की, हा खंड एखाद्या लांबच लांब तटासारखा पृथ्वीच्या तळाशी पसरलेला आहे. वस्तुतः तो बराचसा वाटोळा आहे आणि दक्षिण ध्रुव त्याच्या पोटात आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून अधिक आहे.

आता संयुक्त राष्ट्रसंघाचे बोधचिन्ह आठवून पाहा. ऑलिव्हच्या दोन फांद्यांच्या मधोमध जगाचा एक गोल नकाशा आहे. हे बोधचिन्ह १९४६ सालच्या डिसेंबर महिन्यात स्वीकारले गेले. या नकाशाच्या मध्यबिंदूशी उत्तर ध्रुव असून सर्व खंड त्याच्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. त्यात अंटार्क्टिका मुळीच नाही. कारण हा नकाशा ६० अंश दक्षिण अक्षांशापाशी संपतो. पृथ्वी तीच, खंडही तेच. मग या दोन चित्रांत एवढे अंतर का पडावे?

याचे कारण असे की, पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट आहे. मोसंब्याची साल काढून ती पाटावर सपाट करू पाहिले, तर ती कोठे तरी फाटते किंवा कोठे तरी ताणावी लागते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचेही तसेच आहे. गोलावरील अक्षवृत्ते व रेखावृत्ते सपाट कागदावर उतरवून घेण्याच्या रीतीला नकाशाप्रक्षेपण म्हणतात. प्रक्षेपणाच्या रीती पुष्कळ आहेत. परंतु काहीही न ताणता व न कापता सारी पृथ्वी कागदावर आणणारी रीत एकही नाही.

गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली आपला प्रसिद्ध नकाशा सिद्ध केला. त्यात सर्व रेखावृत्ते परस्परांना समांतर अशा उभ्या रेषांनी दाखविलेली आहेत. खलाशांना दिशा राखण्यास हा नकाशा फार उपयोगी पडला. परंतु गोलावरील रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत येत शेवटी एका बिंदूत मिळतात. त्यांना नकाशावर दूर दूरच ठेवावयाचे, तर ध्रुवाकडील प्रदेश ताणलाच पाहिजे. ६० व्या अक्षांशावर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. म्हणूनच या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे. खुद्द ध्रुव तर या रीतीने काढताच येत नाही. तो अनंत अंतरावर जातो. मर्केटरला हे पूर्णपणे ठाऊक होते. म्हणून त्याने आपल्या नकाशाच्या एका कोपऱ्यात उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचा एक वेगळा, गोल नकाशा जोडला होता.

ध्रुवीय प्रदेशासाठी जी रीत योजतात, तिला खमध्य प्रक्षेपण म्हणतात. तिचा एक प्रकार समजण्यास सोपा आहे. काचेचा एक पोकळ गोल घ्यावा व त्यावर खंडांच्या आकृती रंगवाव्यात. गोलाच्या दक्षिण ध्रुवाशी एक लहानसा दिवा ठेवावा आणि उत्तर ध्रुवाला टेकवून एक कागद सपाट धरावा. त्या कागदावर जी छाया पडेल, तोच ध्रुवीय नकाशा. ध्रुव मध्यभागी, अक्षवृत्ते त्याच्याभोवतीची वर्तुळे आणि रेखावृत्ते चाकाच्या आऱ्यांप्रमाणे ध्रुवापासून बाहेर जाणाऱ्या सरळ रेषा. ही युक्ती फार जुनी आहे. ग्रह-तारे वेधण्याच्या यंत्रराज नावाच्या उपकरणात आकाशाचा गोल याच रीतीने धातूच्या तबकडीवर उतरविलेला असे. त्या उपकरणाविषयी महेंद्रसूरी या पंडिताने १३७० साली संस्कृतात ग्रंथ लिहिला होता.

असा नकाशा आपल्या देशालाही हवा असतो. अंटार्क्टिकावर भारताची दोन संशोधनकेंद्रे कार्य करीत आहेत : १९८९ साली उभारलेले ‘मैत्री’ आणि २०१२ साली सुरू झालेले ‘भारती’. त्यांची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. ही दोन्ही केंद्रे ७० व्या अक्षांशाच्या आसपास असून त्यांच्या रेखांशांत सुमारे ६४ अंशांचे अंतर आहे. मर्केटरच्या नकाशावर ती एकमेकांपासून इतकी दूर दिसतात की, विषुववृत्तावरचे प्रमाण लावल्यास अंतर सात हजार किलोमीटरांहून अधिक भरावे. खरे सरळ अंतर सुमारे २,३०० किलोमीटर आहे. ज्यांना बर्फावर इंधन व अन्न पुरवावयाचे असते, त्यांना एवढी चूक परवडणारी नाही. विमानांचेही तसेच आहे. २०२१ सालच्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एक विमान महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवाच्या मार्गाने बंगळुरूस आणले. भिंतीवरच्या नकाशावर हा मार्ग वेडावाकडा वाटतो. ध्रुवीय नकाशावर तो जवळजवळ सरळ दिसतो.

पूर्वी नकाशाकार कंपास व पट्टी घेऊन दिवसचे दिवस खपत असत. आज हे काम भौगोलिक माहितीप्रणाली नावाच्या संगणकीय साधनांनी होते. ‘क्यूजीआयएस’ हे असेच एक साधन असून ते कोणालाही विनामूल्य मिळते. त्यात समुद्रकिनारे, नद्या, शहरे यांचे वेगवेगळे थर असतात. आपल्याला ती चित्रे दिसत असली, तरी संगणकाच्या दृष्टीने ते केवळ आकड्यांच्या जोड्यांचे ढीग होत. मुंबई म्हणजे पूर्वेकडे सुमारे ७३ अंश व उत्तरेकडे सुमारे १९ अंश, ही एक जोडी. सपाट नकाशावरून ध्रुवीय नकाशावर जाणे म्हणजे अशा लक्षावधी जोड्या नव्या पद्धतीने पुन्हा मोजणे. प्रत्येक पद्धतीला एक क्रमांक दिलेला आहे. साध्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक ४३२६, उत्तर ध्रुवीय पद्धतीचा ३९९५ आणि दक्षिण ध्रुवीय पद्धतीचा ३०३१ असा आहे.

संगणक अत्यंत आज्ञाधारक आहे. परंतु तो आज्ञेचा हेतू जाणत नाही, तिचा शब्द मात्र जाणतो. त्यामुळे ध्रुवीय नकाशा काढू जाताना नवशिक्याला काही चमत्कारिक दृश्ये दिसतात. ती पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. दोषाचे रूप नीट न्याहाळले, म्हणजे त्याचे मूळ त्यातच सापडते.

पहिला दोष असा की, सर्व जग नाहीसे होते आणि पडद्याच्या मध्यभागी एक ठिपका तेवढा उरतो. तो ठिपका खूप मोठा करून पाहिला, तर त्यात आपला ओळखीचा सपाट नकाशाच दिसतो! असे का व्हावे? ४३२६ या पद्धतीत आकडे अंशांत असतात; ३९९५ मध्ये ते ध्रुवापासून मोजलेल्या मीटरांत असतात. आपण आकडे न बदलता थराला केवळ नव्या पद्धतीचे नाव दिले. संगणकाने ७३ व १९ हे अंश मीटर म्हणून वाचले आणि मुंबई ध्रुवापासून ७३ मीटर एका अंगास व १९ मीटर दुसऱ्या अंगास नेऊन ठेवली. सारी पृथ्वी ३६० मीटर लांब व १८० मीटर रुंद अशा एका पटांगणात मावली. तेलाच्या बाटलीवर ‘मध’ अशी चिठ्ठी लावल्याने तेलाचा मध होत नाही, तसेच हे आहे. थराला पद्धतीचे नाव देणे ही एक आज्ञा आहे आणि आकड्यांचे रूपांतर करणे ही दुसरी. म्हणून आधी थराला त्याचे मूळचे, म्हणजे ४३२६ हे नाव परत द्यावे आणि मग रूपांतराची आज्ञा करावी.

दुसरा दोष याच्या अगदी उलट असतो. उत्तर ध्रुवाचा नकाशा मागितला, तो कोणता तरी अवाढव्य आकार सगळा पडदा व्यापून टाकतो. येथे काचेचा गोल व दिवा पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. दिव्याच्या जितके जवळ जावे, तितकी छाया लांब पडते. कागदावर ६० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या वर्तुळाची त्रिज्या पृथ्वीच्या मापाने सुमारे ३,४०० किलोमीटर येते. विषुववृत्ताची सुमारे १२,७०० येते. आणि ८० अंश दक्षिणेच्या वर्तुळाची १ लाख ४५ हजारांवर जाते! दिव्याच्या जागी असलेला दक्षिण ध्रुव तर कागदावर कधीच पडत नाही. तेव्हा पडदा झाकून टाकणारा तो राक्षस म्हणजे बिचारा अंटार्क्टिका खंडच असतो. रूपांतरापूर्वी, आपल्याला नको असलेला दूरचा प्रदेश कापून वेगळा करावा, हाच यावर उपाय.

हा प्रदेश कापू जाताना तिसरा दोष पुढे उभा राहतो. समजा, ६० अंश उत्तरेपासून ध्रुवापर्यंतचा भाग ठेवावयाचा आहे. सपाट नकाशावर हा भाग म्हणजे एक लांबट आयत. तो काढण्यास चार कोपरे पुरतात, म्हणून आपण चारच बिंदू दिले. रूपांतर केले, तो आयत अदृश्य! हे आश्चर्य नव्हे. सपाट नकाशाची डावी कड आणि उजवी कड म्हणजे पृथ्वीवरील एकच रेखावृत्त, १८० अंशांचे. खालचे दोन्ही कोपरे त्यावरील एकाच जागी आले आणि वरचे दोन्ही ध्रुवावर आले. संगणक केवळ कोपरे मोजतो. कोपऱ्यांच्या मधली रेषा तो नव्या कागदावर सरळ ओढतो. दोन जागांना जोडणारी रेषा तेवढी उरली, क्षेत्र उरले नाही.

आता खालच्या बाजूवर, रेखांशाच्या प्रत्येक ९० अंशांवर एकेक बिंदू वाढवून पाहा. या वेळी वर्तुळाच्या जागी एक चौरस मिळतो. ही सुधारणा दिसत असली, तरी ती अधिक धोक्याची आहे. कारण चौरस पाहून काम साधले असे वाटते. या चौरसाच्या बाजूंचे मध्य ६० व्या अक्षवृत्तावर नसून जवळजवळ साडेअडुसष्टाव्या अक्षवृत्तावर असतात. त्यांपैकी एक बाजू ग्रीनलंडवरूनच जाते. या चौरसाने नकाशा कापला, तर ग्रीनलंडचा सारा दक्षिण भाग, ६४ अंशांवरील राजधानी नूकसह, निमूटपणे गळून पडतो. रेखांशाच्या प्रत्येक अंशावर एक बिंदू दिला, म्हणजे मात्र डोळ्यांना दिसेल असे शुद्ध वर्तुळ तयार होते. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी लांब सरळ रेषांवर भरपूर बिंदू पेरून घ्यावेत. त्यासाठी या साधनात स्वतंत्र सोयच केलेली असते.

चौथा दोष शिवणीचा. ध्रुवीय नकाशा उत्तम उतरतो. परंतु अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राकडील किनाऱ्यापासून थेट ध्रुवापर्यंत एक बारीक काळी रेघ दिसते. ती नदी नव्हे, भेगही नव्हे. मोसंब्याची साल काढताना आपण तिला जेथे पहिला काप दिला, ती ही जागा. जगाचे सपाट नकाशे बहुधा १८० व्या रेखावृत्तावर कापलेले असतात. या कापामुळे रशियाच्या ईशान्य टोकाचा चुकोत्का प्रदेश दोन तुकड्यांत विभागला जातो. त्याच्या उत्तरेस असलेले रँगेल बेटही दुभंगते. तुकडे पुन्हा शेजारी आले, तरी कापलेल्या कडेवर ओढलेली किनाऱ्याची रेघ तशीच राहते. उत्तरेकडील तुकडे रूपांतरानंतर एकमेकांत मिळवून टाकावेत. अंटार्क्टिकाच्या बाबतीत मात्र सपाट कागदाच्या डाव्या, उजव्या व खालच्या कडेवरून गेलेली खोटी सीमा काढून टाकावी लागते. याच रेखावृत्तापाशी आणखी एक सावधगिरी बाळगावी. पूर्वेच्या १७९ अंशांपासून पश्चिमेच्या १७९ अंशांपर्यंत अंतर केवळ दोन अंशांचे आहे. पण केवळ आकड्यांची वजाबाकी करणारा संगणक ते ३५८ अंश समजतो. अशा रेषेवर बिंदू पेरले, तर ते सर्व पृथ्वीला वळसा घालून येतात. तिसऱ्या दोषावरचा उपाय येथे स्वतःच दोष होऊन बसतो. म्हणून अशा रेषा आधी १८० व्या रेखावृत्तावर कापाव्यात आणि मगच त्यांवर बिंदू पेरावेत.

पाचवा दोष सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. नकाशाच्या मधोमध, नेमक्या ध्रुवावर, एक वाटोळे छिद्र दिसते. हे छिद्र दोन निरनिराळ्या कारणांनी पडू शकते. महाजालावरील पुष्कळसे नकाशे मर्केटरच्या रीतीवर आधारलेले असून ते ८५ अंशांच्या किंचित पुढे संपतात. अशा चित्राचे ध्रुवीय रूपांतर केले, तर मध्यभागी सुमारे साडेपाचशे किलोमीटर त्रिज्येची जागा रिकामीच राहणार. कारण मूळ चित्रात तो प्रदेश नव्हताच. येथे ध्रुवापर्यंत पोचणारे दुसरे चित्र मिळवावे, म्हणजे झाले.

परंतु दुसऱ्या प्रकारचे छिद्र संगणकाचे नसते व नकाशाकाराचेही नसते. आर्क्टिक महासागरावरील बर्फाची मोजणी १९७८ सालापासून कृत्रिम उपग्रहांवरील विशिष्ट उपकरणांनी सतत चालू आहे. हे उपग्रह ध्रुवाच्या जवळून जातात, नेमके ध्रुवावरून जात नाहीत. त्यामुळे ध्रुवाभोवतीचा एक वाटोळा प्रदेश त्यांच्या दृष्टीस पडत नाही. प्रारंभी या प्रदेशाची त्रिज्या ६११ किलोमीटर होती. १९८७ सालानंतरच्या उपकरणांत ती ३११ किलोमीटर झाली आणि २००८ पासूनच्या उपकरणांत ९४ किलोमीटरांवर आली. नकाशावर हे छिद्र पाहून एखाद्याला वाटेल की, आजूबाजूला सगळा बर्फच आहे, तर आपणही तेथे पांढरा रंग भरून टाकावा. नकाशा कसा नीटनेटका दिसेल! दुसरा म्हणेल, रिकामी जागा म्हणजे वितळलेला समुद्र. दोघेही चुकतील. ‘येथे मोजणी झालेली नाही’ एवढेच त्या छिद्राचे म्हणणे आहे. शास्त्रज्ञ त्या जागेसाठी काही अंदाज वापरतात, तेव्हा तो अंदाज आहे असे स्पष्टपणे सांगतात. जी जागा पाहिलेली नाही, ती पाहिल्यासारखी रंगवणे हे नकाशाकाराच्या धर्माविरुद्ध आहे. आर्क्टिकमधील बर्फ किती घटला, याचा हिशेब अशाच नकाशांवरून केला जातो. तेव्हा रंगाचा एक फटकारा त्या हिशेबात खोटी भर घालू शकेल.

शेवटी एक लहानशी गोष्ट. नकाशा पुरा झाला की, सवयीने आपण वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढतो. उत्तर ध्रुवाच्या नकाशावर हा बाण निरर्थक आहे. तेथे उत्तर म्हणजे मध्याकडे, आणि मध्यापासून कोणत्याही बाजूस निघाले तरी ती दक्षिणच! दक्षिण ध्रुवाच्या नकाशावर याच्या उलट. अशा नकाशांवर बाण न काढता अक्षवृत्तांची वर्तुळे व रेखावृत्तांचे आरे काढावेत आणि त्यांवर अंश लिहावेत.

हे सर्व दोष एकत्र आठवून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येईल. यांपैकी एकही दोष पृथ्वीत नव्हता आणि संगणकाचे गणितही कोठे चुकले नव्हते. कोठे अंशांना मीटर म्हटले गेले, कोठे चार कोपऱ्यांवर वर्तुळाचे काम भागविले गेले, तर कोठे कागदाची कड ही जगाची कड मानली गेली. आकडा दिसला की तो कशाचा, कोठून मोजलेला व कोणत्या मापाचा, हे विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला नकाशा फसवू शकत नाही. आणि छिद्र दिसले की ते बुजविण्यापूर्वी ते का पडले हे जो विचारतो, त्याच्या नकाशावर लोकांनी निश्चिंतपणे विश्वास ठेवावा.

अभ्यास

१. भिंतीवरील नकाशात अंटार्क्टिका पट्ट्यासारखा का दिसतो?
२. थराला पद्धतीचे नाव देणे आणि आकड्यांचे रूपांतर करणे यांतील भेद स्वतःचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. ‘ही सुधारणा दिसत असली, तरी ती अधिक धोक्याची आहे’ असे लेखकाने कशाविषयी व का म्हटले आहे?
४. ध्रुवावरील छिद्र दोन कारणांनी पडते. त्यांपैकी कोणते बुजवावे व कोणते तसेच ठेवावे? का?
५. एका चेंडूवर अक्षवृत्ते व रेखावृत्ते काढा. तो उत्तर ध्रुवाच्या नेमका वरून पाहा आणि जसे दिसेल तसे चित्र वहीत काढा. त्यावर बाणांनी दक्षिण दिशा दाखवा.